शेजाऱ्याची वकिली

आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा व कल्याणाचा कायदा संसदेने २००७ साली केला. कायद्याची भाषा रुक्ष असते आणि ती तशीच असावी. परंतु या कायद्यातील दोन कलमे एकापुढे एक ठेवून वाचली, म्हणजे त्या रुक्षपणातूनही थोडे माणूसपण डोकावल्याखेरीज राहत नाही. सतरावे कलम सांगते की, या कायद्याखाली नेमलेल्या न्यायाधिकरणापुढे कोणाही पक्षकाराच्या वतीने वकिलाने उभे राहू नये. म्हाताऱ्या माणसाचे गाऱ्हाणे तारखांच्या आणि तहकुबींच्या जंजाळात अडकू नये, हा त्यामागील हेतू उघड आहे. २०२१ साली केरळच्या उच्च न्यायालयाने ही मनाई टिकणारी नाही असा निर्णय दिला, ही गोष्ट वेगळी. पाचव्या कलमाला मात्र त्याने बाध येत नाही. ते म्हणते की, वृद्ध व्यक्ती स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असेल, तर तिने अधिकार दिलेली दुसरी कोणतीही व्यक्ती तिच्यासाठी अर्ज करू शकते. दुसरी कोणतीही व्यक्ती! तिला सनद नको, पदवी नको, रक्ताचे नातेही नको. कायदा करणाऱ्यांनी पदवीधर वकिलाला दाराबाहेर थांबवले आणि शेजाऱ्याला मात्र आत बोलावले.

या शेजाऱ्याच्या वकिलीविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत. ती कोर्टात चालवायची वकिली नव्हे. मुलांवर निर्वाहाचा दावा लावण्याची वेळ फार थोड्या वृद्धांवर येते, आणि आली तरी त्यांतील बहुतेक जण पोटच्या मुलाविरुद्ध कागदावर सही करण्यापेक्षा उपाशी राहणे पसंत करतात. वृद्धांची रोजची अडचण याहून पुष्कळ साधी असते. औषधाच्या चिठ्ठीवरचे अक्षर लागत नाही; बँकेतील बाई फार भरभर बोलते; जिन्याला कठडा नाही; दुपारी फोन येतो आणि पलीकडचा मनुष्य खात्याचा क्रमांक विचारतो. अशा प्रत्येक ठिकाणी त्याच्या बाजूने बोलणारा, त्याच्याबरोबर चार पावले चालणारा कोणी हवा असतो. घरातील माणसे जवळ असली तर उत्तमच. ती शेकडो कोस दूर असली, तर काय करावयाचे?

नोकरीच्या निमित्ताने माझे वास्तव्य सध्या जयपूरच्या मानसरोवर या वसाहतीत आहे. नाव मोठे काव्यमय आहे. पण येथे सरोवर नाही आणि राजहंसही नाहीत. आहेत ते निवृत्त कारकून, शिक्षक, अभियंते आणि त्यांच्या सहधर्मचारिणी. १९७० साली स्थापन झालेल्या राजस्थान आवासन मंडळाने ऐंशीच्या दशकात ही वसाहत वसवावयास घेतली, आणि आशियातील सर्वांत मोठ्या वसाहतींत तिची गणना होते असे जयपूरकर अभिमानाने सांगतात. दुर्बल घटकांची लहान घरे, अल्प उत्पन्नगटाची, मध्यम उत्पन्नगटाची, अशी घरांची उतरंड येथे सेक्टरवार लावलेली आहे. रस्त्यांना वरुण पथ, किरण पथ, स्वर्ण पथ, रजत पथ अशी नावे आहेत. २०१५ च्या जून महिन्यात जयपूरची मेट्रो सुरू झाली ती येथूनच. वसाहत अजून वाढतेच आहे. तथापि तिचा जुना भाग एका बाबतीत एकदम म्हातारा झाला. ऐंशीच्या दशकात ज्यांनी पस्तिशी-चाळिशीत घराची किल्ली हाती घेतली, ते आज पंचाहत्तरी ओलांडून पुढे गेले आहेत. एकाच वेळी लावलेल्या बागेतील झाडे एकाच वेळी जून व्हावीत, तसे हे झाले आहे. भारतातील प्रत्येक मोठ्या शहरात अशी एखादी वसाहत आहे. पुण्याचे सहकारनगर घ्या, मुंबई उपनगरांतील गृहनिर्माण मंडळाच्या चाळी घ्या. चित्र फारसे निराळे दिसणार नाही.

आकडे थोडेच सांगतो. २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील भारतीयांची संख्या दहा कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के भरली. महाराष्ट्रात हेच प्रमाण दहा टक्क्यांच्या जवळ आणि केरळात साडेबारा टक्क्यांच्या घरात होते. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक जण साठीपलीकडचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अंदाज आहे. २०१७-१८ मध्ये वार्धक्यासंबंधी जी मोठी राष्ट्रीय पाहणी झाली, तीत शंभर वृद्धांपैकी सुमारे सहा जण अगदी एकटे, आणि सुमारे वीस जण केवळ पती किंवा पत्नीसह राहत असल्याचे आढळले. याचा अर्थ असा की, चौघांतील एकाच्या घरात हाकेला ओ देणारे तरुण माणूस नाही. एकत्र कुटुंब मोडले म्हणून उसासे टाकण्याने हा आकडा कमी होणार नाही. मुले शिकली, नोकरीसाठी दूर गेली; तशी ती जावीत म्हणूनच तर याच आईबापांनी त्यांना पोटाला चिमटा घेऊन शिकवले.

शासनाने काही केलेच नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १९९५ साली वृद्धांसाठी राष्ट्रीय निवृत्तिवेतनाची योजना सुरू झाली. १९९९ साली ज्येष्ठ नागरिकांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर झाले. २००७ च्या ज्या कायद्याचा मी उल्लेख केला, त्याच्या विसाव्या कलमात सरकारी रुग्णालयांत वृद्धांसाठी वेगळ्या रांगेची तरतूद आहे. २०१० पासून वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न घालता, खुली झाली आणि वर्षाकाठी पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची सोय झाली. ही यादी लहान नाही. मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे असे एकेक परिपत्रक निघण्यास किती हात लागतात, हे मला ठाऊक आहे. परंतु परिपत्रक खिडकीपर्यंत येऊन थांबते. खिडकीपासून म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपर्यंतचे जे अंतर उरते, ते कोणत्याही खात्याच्या अखत्यारीत येत नाही.

या अंतराचे एकच उदाहरण पाहू. राजस्थानात सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन घेणाऱ्याला दरवर्षी आपण हयात असल्याचे पटवून द्यावे लागते. त्याला येथे ‘सत्यापन’ म्हणतात. त्यासाठी ई-मित्र नावाच्या सेवाकेंद्रावर जायचे आणि यंत्रावर अंगठा ठेवायचा. आता ज्या बाईने चाळीस वर्षे भांडी घासली, ज्या गवंड्याने चुना आणि सिमेंट हाताळले, त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखत नाही. ज्या कष्टांमुळे निवृत्तिवेतनाची गरज पडली, त्या कष्टांनीच ते मिळण्याची वाट अडवावी, हा केवढा दैवदुर्विलास! जिवंत माणसे कागदोपत्री मृत ठरल्याचे प्रकारही राजस्थानात उघडकीस आलेले आहेत. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यांच्यासाठी २०१४ पासून घरबसल्या दाखला देण्याची आणि २०२१ पासून चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली आहे. पोस्टमन घरी येऊनही हे काम करतो. पण ही सोय आहे, हे त्या गृहस्थाला सांगायचे कोणी? आणि अंगठा उमटत नसेल तर दुसरा मार्ग द्या, असे खिडकीवरच्या तरुणाला शांतपणे आणि ठामपणे म्हणायचे कोणी? शेजाऱ्याच्या वकिलीचा प्रारंभ येथे होतो.

अंगठ्यावरून महाराष्ट्रातील एक गोष्ट सांगावीशी वाटते. ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे लहानसे गाव आहे. तेथे २०१६ च्या महिलादिनी साठीपुढच्या बायकांसाठी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. गुलाबी लुगडी नेसून, पाठीला दप्तर लावून त्या आजीबाई शाळेत जाऊ लागल्या. गावात पोथीचे पारायण चाले. आपल्यालाही ती वाचता आली असती तर, असे त्या म्हणत. गावातल्याच एका शिक्षकाने ते बोलणे मनावर घेतले आणि गावकऱ्यांनी त्याला साथ दिली. या शाळेतून कोणी पदवीधर निघणार नाही. पण ज्या हाताने जन्मभर अंगठा उठवला, तो हात आपले नाव लिहू लागला. वृद्धांना आपण काय द्यावे याची यादी आपण नेहमीच करतो: औषध, अन्न, निवारा. या बायकांना त्यांची इच्छा कोणीतरी विचारली, आणि उत्तर यादीबाहेरचे आले.

वृद्धांच्या व्यवस्थेचा विषय निघाला की चर्चा लगेच वृद्धाश्रमावर जाते. वृद्धाश्रम नसावेत, असे मी म्हणणार नाही. ज्याला खरोखरच कोणी नाही, त्याला छप्पर हवे. २००७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम असावा असे सुचवले, ते योग्यच आहे. परंतु दीडशे खाटा म्हणजे जिल्ह्यातील वृद्धांच्या समुद्रातील एक ओंजळ. शिवाय माणसाचे घर म्हणजे चार भिंती नव्हेत. ज्या खिडकीतून तीस वर्षे तोच कडुलिंब पाहिला, ज्या दुकानदाराला नाव न सांगता साखर मिळते, ज्या देवळाच्या पायरीवर बसण्याची जागा ठरून गेलेली आहे, त्या सगळ्यांचे मिळून घर होते. मोडक्या गुडघ्यामुळे माणसाला या सगळ्यातून उपटून न्यावे लागत असेल, तर तो दोष गुडघ्याचा थोडा आणि वस्तीचा अधिक म्हणावा लागेल. डेन्मार्कसारख्या संपन्न देशाने १९८७ च्या कायद्याने जुन्या पद्धतीचे शुश्रूषागृह नव्याने बांधणे थांबवले आणि वृद्धांच्या सोयीची घरे व घरपोच मदत यांकडे पैसा वळवला. त्यामागे हाच विचार होता.

पैसा बेताचा असतानाही हे साधते काय, असा प्रश्न साहजिकच मनात येईल. त्याचे उत्तर आपल्याच देशात आहे. १९९३ साली कोझिकोडच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांचे सहकारी यांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्यासाठी एक छोटे केंद्र काढले. काम वाढले तसे त्यांच्या ध्यानात आले की, अशा रोग्याला डॉक्टर लागतो तो थोडा वेळ. बाकीचा सारा काळ त्याला माणसे लागतात. मग या शतकाच्या आरंभी मलप्पुरम जिल्ह्यात त्यांनी वस्त्यावस्त्यांतून स्वयंसेवक उभे केले. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, गृहिणी अशा साध्या माणसांना थोडे शिक्षण देण्यात आले. आठवड्यातील काही तास त्यांनी आपल्याच गल्लीतील अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी द्यावयाचे. परिचारिका घरी जाऊन जखम धुणार, डॉक्टर गरजेप्रमाणे येणार. आणि घरात तांदूळ आहेत की नाहीत, मुलीची फी भरली की नाही, हे शेजारी पाहणार. २००८ साली केरळ सरकारने यासाठी धोरण आखले आणि ग्रामपंचायतींनी परिचारिकांच्या घरभेटींचा भार उचलला. येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी शेजारी उठले आणि नंतर सरकार आले. पण सरकार आले ते शेजाऱ्यांनी त्याला बोलावले म्हणून.

दुसरे उदाहरण जपानचे. तेथे प्रत्येक वस्तीत एक ‘मिन्सेई-इन’ असतो. त्याचे मूळ १९१७ साली ओकायामा येथे सुरू झालेल्या एका उपक्रमात आहे आणि १९४८ पासून त्याला स्वतंत्र कायद्याचा आधार आहे. हा वस्तीतलाच रहिवासी. मंत्र्यांच्या सहीने तीन वर्षांसाठी नेमला जातो, पण पगार घेत नाही. आपल्या टापूतील एकट्या वृद्धांकडे अधूनमधून जाणे, त्यांची अडचण समजून घेणे आणि योग्य त्या कचेरीशी त्यांची गाठ घालून देणे, एवढेच त्याचे काम. ऐकलेली गोष्ट बाहेर न बोलण्याचे बंधन त्याच्यावर असते. अशी दोन लाखांहून अधिक माणसे त्या देशात आहेत. अलीकडे नवे लोक मिळणे तेथेही कठीण झाले आहे आणि जुने स्वतःच वृद्ध होत चालले आहेत. २००० साली जपानने दीर्घकालीन शुश्रूषेचा राष्ट्रीय विमा सुरू केला, तरी या माणसांची गरज संपली नाही. विमा पैसे देतो. पण दोन दिवस वर्तमानपत्र दारातच पडून आहे, हे विम्याच्या लक्षात येत नाही.

आपल्याकडे याला लागणारी माती तयार आहे. महाराष्ट्रात गावोगाव आणि पेठापेठांतून ज्येष्ठ नागरिक संघ आहेत. त्यांचा राज्य महासंघ ‘फेस्कॉम’ या नावाने ओळखला जातो. नगरपालिकांनी बांधलेली विरंगुळा केंद्रे आहेत. तेथे वाढदिवस साजरे होतात, सहली निघतात, व्याख्याने होतात. आणि त्यात गैर काही नाही. परंतु जो सभासद सभेला येऊ शकतो, त्याची काळजी संघ घेतो. जो येईनासा झाला, त्याचे नाव हळूच यादीतून गळते. वस्तुतः संघाचे खरे काम त्या गळलेल्या नावापासून सुरू व्हावयास हवे. जयपूरच्या वसाहतींतून विकास समित्या असतात. पाणी, रस्ते, उद्यानाची देखभाल यांसाठी त्या भांडतात. त्यांच्या बैठकीत एका माणसाने उठून म्हणावे की, उद्यानाच्या फाटकाशी पायरीऐवजी उतार करा, बाकांना पाठ व हात असू द्या, मध्यम मार्गासारखा रहदारीचा रस्ता सावकाश ओलांडणाऱ्याला पुरेल एवढा वेळ सिग्नलला द्या. या मागण्यांना खर्च फार नाही. लागतो तो दर बैठकीत तीच गोष्ट न कंटाळता पुन्हा म्हणणारा एक माणूस. कचेरीतील अनुभवावरून सांगतो, एकदा केलेली विनंती फायलीत जाते. तिसऱ्यांदा केलेली टेबलावर येते.

श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला ही वकिली पत्करावीशी वाटली, तर तिची सुरुवात अगदी जवळून करता येते. आपल्या जिन्यातील किंवा गल्लीतील सत्तरीपुढची किती माणसे एकटी राहतात, हे आधी जाणून घ्यावे. मग त्यांच्याकडे जाऊन ‘मी काय करू?’ असे विचारण्यापूर्वी ‘आपला दिवस कसा जातो?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला ‘काही नको’ हे उत्तर ठरलेले असते. दुसऱ्या प्रश्नातून गुडघा, बँक, रात्रीची जाग, सारे आपोआप बाहेर येते. डॉक्टरांकडे जाताना बरोबर जावे आणि विचारायचे तीन प्रश्न निघण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावेत. डॉक्टर आपल्याकडे पाहून बोलू लागले, तर नजर आजोबांकडे वळवावी. प्रकृती त्यांची आहे. कचेरीत दिलेल्या प्रत्येक अर्जाची पोच घ्यावी आणि ती तारखेसह एका पिशवीत ठेवावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे मनातल्या मनात केलेली प्रार्थना होय. आणि परप्रांतात राहणाऱ्या आपल्या मराठी माणसांना एक गोष्ट विशेषेकरून सांगावीशी वाटते. जयपूर असो, इंदूर असो की हैदराबाद, दुखणे बळावले किंवा स्मृती क्षीण झाली, म्हणजे नंतर शिकलेली भाषा पुष्कळदा आधी हातची सुटते आणि बालपणीची तेवढी उरते. तेव्हा रुग्णालयात ‘कळ येते’ आणि ‘ठणकते’ यांतला फरक सांगू शकणारा एक मराठी शेजारी औषधाइतकाच उपयोगी पडतो.

या वकिलीत एक अशील आपण हमखास विसरतो. ती म्हणजे घरात शुश्रूषा करणारी बाई. सून, मुलगी किंवा स्वतःच सत्तरीला टेकलेली पत्नी. ‘घरी करणारे आहेत’ असे आपण समाधानाने म्हणतो, तेव्हा त्या ‘करणारे’ या अनेकवचनात बहुधा एकच बाई असते. तिला रात्रीची झोप नाही, माहेरी जाणे नाही, लग्नकार्य नाही. तिची चिडचिड शेजारी ऐकतात आणि तिला दोष देतात. अशा घरी आठवड्यातून दोन तास जाऊन बसावे आणि तिला म्हणावे, ‘वहिनी, तुम्ही जरा बाहेर जाऊन या, मी आहे इथे.’ वृद्धांच्या छळाच्या कित्येक कहाण्यांची सुरुवात क्रौर्यातून झालेली नसते, ती थकव्यातून झालेली असते. करणाऱ्याला विसावा मिळाला, तर ज्याचे करावयाचे त्याचे दिवसही सुखाचे जातात.

तथापि या कामात एक मोठा धोका आहे. कैवार घेता घेता आपण कारभार कधी हाती घेतो, ते कळत नाही. वकील अशिलाच्या सूचनेने बोलतो. मुखत्यार अशिलाच्या ऐवजी बोलतो. वृद्धांना वकील हवा असतो, आणि आपण प्रेमापोटी त्यांचे मुखत्यार होऊन बसतो. ‘त्यांना काय कळतंय आता!’ हे वाक्य त्यांच्यासमोर, त्यांना ऐकू जाईल अशा बेताने उच्चारले जाते. त्यांनी काय खावे, कोणाकडे राहावे, घर विकावे की ठेवावे, हे बाकीचे सगळे मिळून ठरवतात. दुसरीकडे गोड बोलून घराची कागदपत्रे आपल्या नावे करून घेणारेही असतात. ते नेहमी परकेच असतात असे नाही. म्हणून तर सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, न सांभाळल्यास परत मिळवण्याची वाट तेविसाव्या कलमात ठेवावी लागली. शेजाऱ्याने यासाठी आपल्यापुरते एक पथ्य घालून घ्यावे. जे करायचे ते त्यांच्या संमतीने, त्यांच्या देखत आणि शक्य तोवर त्यांच्याच शब्दांत करावे. पैशाच्या व्यवहाराला हात लावू नये. आणि त्यांनी ‘नको’ म्हटले, तर ते आपल्याला चुकीचे वाटले तरी ऐकून घ्यावे. म्हातारपणी माणसाची मालमत्ता कमी होत जाते. स्वतःविषयीचा शेवटचा शब्द स्वतःचा असणे, ही त्यातली अखेरची ठेव.

दुसरा एक गैरसमज याच ठिकाणी दूर केलेला बरा. शेजारधर्म वाढला म्हणून शासनाने अंग काढून घ्यावे, असा याचा अर्थ नाही. प्रेमाने रक्तदाब मोजता येत नाही आणि सद्भावनेवर महिना निघत नाही. वृद्धापकाळाच्या राष्ट्रीय निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वर्षांच्या माणसामागे दरमहा दोनशे रुपये इतकाच ठरलेला आहे. राज्ये त्यात आपापली भर घालतात. ही रक्कम वाढावी, ती सर्व गरजू वृद्धांना मिळावी, म्हणून २०१२ साली दिल्लीत ‘पेन्शन परिषद’ भरली. पुण्याच्या हमाल पंचायतीचे डॉ. बाबा आढाव आणि राजस्थानात काम करणाऱ्या अरुणा रॉय हे दोघे तिच्या अग्रभागी होते. महाराष्ट्राचा हमाल आणि राजस्थानचा शेतमजूर यांनी एका तंबूत बसून म्हातारपणाचा विचार केला, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्यांनी जन्मभर दुसऱ्यांची ओझी वाहिली, त्यांनी अखेरीस आपले ओझे कोणी वाहावे असे म्हटले नाही; त्यांनी हक्काचा हिशेब मागितला. याच राजस्थानात १९९४ च्या डिसेंबरात पाली जिल्ह्यातील कोटकिराना या गावी पहिली जनसुनावणी झाली. गावातल्या साध्या माणसांनी सरकारी कागद चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवला. त्या वाटेने पुढे जात देशाला २००५ सालचा माहितीच्या अधिकाराचा कायदा मिळाला. कागद वाचणे, विचारणे आणि उत्तराची वाट पाहत उभे राहणे, एवढेच त्यांचे भांडवल होते. शेजाऱ्याच्या वकिलीलाही याहून अधिक भांडवल लागत नाही.

वार्धक्याविषयी बोलताना आपण नेहमी ‘त्यांच्या’विषयी बोलतो. जणू ती कोणी वेगळी जमात आहे आणि आपण तिच्यावर उपकार करीत आहोत. चाळिशीत असलेल्या माझ्यासारख्याला हे बोलणे आणखी पंधरा-वीस वर्षेच शोभेल. आज उद्यानाच्या फाटकाशी जो उतार आपण मागून घेऊ, त्यावरून उद्या आपणच चालत जाणार आहोत. आज ज्या रांगेत म्हातारीसाठी खुर्ची ठेवायला लावू, ती खुर्ची आपलीही वाट पाहत असेल.

म्हणून शेवटी पुन्हा त्या पाचव्या कलमाकडेच वळतो. ‘त्याने अधिकार दिलेली दुसरी कोणतीही व्यक्ती.’ या शब्दांतील अधिकार मुद्रांकाच्या कागदावर मिळत नाही. तो रोजच्या नमस्कारातून, वेळेवर परत केलेल्या किल्लीतून, न सांगता आणलेल्या दुधाच्या पिशवीतून थोडा थोडा साठतो. मग एके दिवशी पलीकडच्या घरातील आजी आपणहून म्हणतात, ‘बाळ, उद्या बँकेत येशील का रे माझ्याबरोबर?’ ते वाक्य ज्याला ऐकायला मिळाले, त्याला सनद मिळाली असे खुशाल समजावे.